शर्यतीचं इंजिन

शंकरप्पांनी गोठ्याच्या तोंडाशी चपला काढल्या. आत जनावर नव्हतं. कडबा संपला तसे दोन्ही बैल धरणाकाठच्या पाहुण्यांकडे धाडले होते, आणि रिकाम्या दावणीशेजारी पोत्यांखाली ते इंजिन होतं. केवळाबाईनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. तिनं वरचं पोतं ओढलं.

धुळीचा लोट उठला. दुसरं पोतं निघालं, मग वाकलेला पत्रा, आणि शेवटी एक जुनं लुगडं. लुगडं मात्र तिनं सावकाश काढलं, घडी घातली आणि काखेत धरलं.

शंकरप्पा इंजिनाजवळ उकिडवे बसले. लातुरात त्यांची तेलाची गिरणी होती. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण ते बसले. इंजिनावरून बोटं फिरवून त्यांनी ती नाकाशी नेली.

"करडीचं तेल."

"माय दर उन्हाळ्यात लावती," दारातून श्रीमंत म्हणाला. केवळाबाईचा हा मुलगा अहमदपूर डेपोत कंडक्टर होता. ड्यूटीवरून आल्या आल्या खाकी कपड्यांतच उभा होता. "भंगारवाले कितीदा येऊन गेले. देत न्हाई."

"गंजलं असतं," केवळाबाई म्हणाली. "तुमच्याच गिरणीचं हाय तेल. दरसाल धाडता ते."

शंकरप्पांनी मान वर केली नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर ते या घरी पहिल्यांदाच आले होते. हे इंजिन त्यांनीच दिलेलं. केवळाबाईचा नवरा लिंबाजी तेव्हा त्यांच्याकडे फिटर होता. हिंगणवाडीतल्या बौद्ध वस्तीची विहीर आटली होती आणि ती खोल केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खडकातून पाणी झिरपे, ते सतत उपसत राहावं तेव्हा कुठे सुरुंगाची भोकं पाडता येत. उपसायला इंजिन हवं, आणि त्या साली सगळ्या तालुक्यात एकही रिकामं इंजिन नव्हतं. लिंबाजीनं गिरणीच्या वखारीत उभ्या असलेल्या जुन्या शर्यतीच्या गाडीकडे बोट दाखवलं. घेऊन जा, आपली शर्यत कवाच संपली, असं शंकरप्पा हसून म्हणाले होते. दोघांनी मिळूनच ते गाडीतून उतरवलं.

वरून पंप एवढ्या खोलचं पाणी ओढत नाही, म्हणून इंजिन विहिरीच्या आतल्या कपारीवर बसवलं. धूर बाहेर काढायला पत्र्याची नळी जोडत जोडत वर आणली. महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी नळीचा सांधा निसटला, लिंबाजी तो बसवायला खाली उतरला, आणि वर आला तो लोकांच्या हातांवर.

शंकरप्पा दुसऱ्या दिवशी आले होते. अंगणात बसले, कुणाशी बोलले नाहीत, उठून गेले. नंतर दर हंगामात तेलाचा डबा येत राहिला. ते आले नाहीत.

"वैनी," इंजिनाकडेच पाहत ते म्हणाले, "मागायला तोंड न्हाई मला."

"बोला की."

ते सांगू लागले. लातूर जिल्हा झाला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. कचेऱ्या नव्या, कोर्ट नवं, पाण्याच्या टँकरवरसुद्धा उस्मानाबाद पुसून लातूर रंगवलेलं. त्याच भरात गिरणीमागच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी गाड्यांचं संग्रहालय मांडलं होतं. मुंबई, मद्रास, हैदराबाद, कुठून कुठून आणलेल्या जुन्या शर्यतीच्या गाड्या. नुसत्या वेगाच्या शर्यतींतल्या नव्हेत. बारा बारा, चोवीस चोवीस तास न थांबता धावायच्या शर्यती असत, त्यांतल्या. घरची माणसं नाराज होती. प्यायला पाणी नाही आणि आप्पा मोटारी पुसत बसतात, असं गावही म्हणत होतं. बाकीच्या गाड्या पूर्ण झाल्या होत्या. त्यांची स्वतःची तेवढी पोकळ उभी होती.

"दुसरं इंजिन बसवता येतं. माझा फिटर व्यंकटी म्हनतो, बसवू. पन मला बसवू वाटंना."

"घेऊन जा काका," श्रीमंत म्हणाला. "आजच न्या. जीपमागं टाकू, दोन माणसं बोलवतो."

केवळाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं शंकरप्पांना विचारलं, "चालू करनार का?"

तिला त्या आवाजाची धास्ती असणार, हे शंकरप्पांना आधीच वाटलं होतं. येताना वाटेत त्यांनी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. ते घाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई. शब्द देतो वैनी. नुसतं बसवून ठेवनार. कवाच चालू करनार न्हाई."

"मग न्हाई देत."

बाहेर वस्तीतल्या बाया टँकरच्या वाटेला रांगेनं हंडे मांडत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"चालू करनार असाल तर न्या," ती म्हणाली. "आन तवा मला बोलवा."

शंकरप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण तिनं पाठ वळवून लुगडं दांडीवर टाकलं होतं.

इंजिन त्याच दिवशी गेलं. चौघांनी उचलून जीपच्या मागच्या भागात ठेवलं आणि दोरानं बांधलं. शंकरप्पा पुढं न बसता मागं त्याच्याशेजारी बसले. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत केवळाबाई दारात उभी होती. मग आत जाऊन तिनं इंजिनाच्या जागेवरची माती झाडून काढली.

रात्रीचं जेवताना श्रीमंतनं विषय काढला.

"कामून चालू करायला लावतीस माय? गेलं ते बरं झालं. मला तर त्या गोठ्यात पाय टाकू वाटत न्हवता."

"मला म्हाईत हाय ते."

"मग? बापाला खाल्लं त्यानं."

"त्यानं न्हाई खाल्लं," केवळाबाई म्हणाली. "लोखंड हाय ते. त्याला काय कळतंय."

श्रीमंतनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरला. त्या दिवशी तो लहान होता. कुणीतरी त्याला उचलून शाळेत नेऊन बसवलं होतं. विहिरीवर काय झालं हे त्याला लोकांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि आईला त्यानं कधी विचारलं नाही. आताही विचारलं नाही.

पावसाळा आला तसा गेला. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. दसरा झाल्यावर लातूरहून येणाऱ्या एका ड्रायव्हरनं श्रीमंतला डेपोत निरोप दिला, आप्पांनी आईला घेऊन बोलावलंय, इंजिन बसलं.

केवळाबाई ठेवणीतलं पांढरं पातळ नेसली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. वाटेत वावरं उघडी पडली होती, ज्वारी गुडघ्याइतकीच वाढून वाळली होती. चाकूरच्या पुढे रस्त्याकडेला माणसं खडी फोडत होती. तिनं त्यांच्याकडे बराच वेळ मान वळवून पाहिलं. बहात्तरात तीही अशीच बसली होती, घमेलं पालथं घालून, आणि लिंबाजीनं सुट्टी काढून गावाकडं येऊन म्हटलं होतं, खडीवर जाऊ नको आता, आपून पानी काढू.

संग्रहालयाच्या शेडला बाहेरून चुना मारलेला होता. आत गारवा होता, वर पत्र्यात काचा बसवलेल्या, त्यांतून उजेड पडत होता. गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. इतक्या बुटक्या, की केवळाबाईला त्यांच्या टपाकडे खाली पाहावं लागलं. काहींना टपच नव्हता. बाजूला पांढऱ्या गोलात आकडे, पुढच्या दिव्यांवर फुटू नयेत म्हणून चिकटवलेल्या पट्ट्या, बॉनेटवर कातडी पट्टे. धुवायला पाणी नव्हतं म्हणून शंकरप्पांचा फिटर व्यंकटी गाड्या कोरड्या फडक्यानं पुसत होता.

शेवटची गाडी हिरवी होती. रंग जुनाच ठेवला होता, खडे उडून जागोजागी गेलेला. शंकरप्पा तिच्याजवळ उभे होते.

"या वैनी. बसा, प्रवासातून आलात."

खुर्ची होती, पण ती बसली नाही. तिनं गाडीत डोकावून पाहिलं. दोन बसायच्या जागा, कातडं फाटून भुसा दिसत होता.

"ह्या आंगाला लिंबाजी बसला व्हता," शंकरप्पांनी स्टिअरिंगच्या चाकामागची जागा दाखवली.

"हे तर चालवायचं हाय."

"हाव."

"ते फिटर व्हते ना तुमचे?"

शंकरप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमाला सांगितलं न्हवतं त्यानं?"

ती विचारात पडली. "हैदराबादेहून आले तवा बोटं सरळ व्हत न्हवती. वाकडीच ऱ्हायली व्हती. भाकर मी मोडून दिली. म्हनले, गाडी चालवली. मला वाटलं, लारी चालवली आसंल."

व्यंकटीचं फडकं थांबलं. श्रीमंत एका गाडीवरचा आकडा पाहत होता, तोही वळला.

मग शंकरप्पांनी सांगितलं. हैदराबादेजवळच्या एका पडीक धावपट्टीवर ती शर्यत झाली होती. बारा तासांची. एका माणसानं एवढं चालवायचं नाही, दोघं हवेत, असा नियम होता. त्यांचा जोडीदार मुंबईचा, तो आलाच नाही. शंकरप्पांनी लिंबाजीला म्हटलं, तू बस. लिंबाजी नको नको म्हणत होता. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो मागं वळून बघायला लागला, कोण लिंबाजी म्हणून.

"आळीपाळीनं चालवली. अंधार पडल्यावर मला दिसंना, मग शेवटपातूर त्यानंच. नंबर आला न्हाई आपला. पन निम्म्या गाड्या मधीच बंद पडल्या वैनी, मोठ्या मोठ्या लोकांच्या. आपली न्हाई पडली. उतरला तवा त्याला उभं ऱ्हाता येत न्हवतं. मला म्हनला, आप्पा, हिला आता कुनी थांबवलं तरच थांबंल. आपून होऊन न्हाई थांबायची."

ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की केवळाबाई हसत नाही.

"हाव," ती म्हणाली. "तसंच झालं."

"काय?"

"तुमाला लोकांनी काय सांगितलं आप्पा? त्या दिशीचं."

"हेच, की धुरानं कोंडला. खाली गेला आन..."

"इंजिन चालूच व्हतं."

तिनं गाडीच्या कडेवर हात ठेवला. बोलली ती त्या हाताकडे पाहत.

"हे पडले, पन ते चालूच व्हतं. मारोतीभावजी तोंडाला वलं फडकं बांधून उतरले, त्यांना निम्म्यातून वढून काढलं, निळे पडले व्हते. मग कुनाला उतरू दिलं न्हाई. उतरायचं तर आधी ते बंद व्हाया पायजे, आन बंद कराया कुनीतरी उतराया पायजे. वरून गोटा टाकून फोडावं म्हनले लोक. पन खाली हे व्हते. कसा टाकनार गोटा?"

शंकरप्पांनी गाडीचा आधार घेतला.

"खटका तिथंच व्हता, फळीवर. ह्यांच्या हाताजवळ. वरून दिसत व्हता मला. टाकी ह्यांनीच भरली व्हती सकाळी, गच्च. पंप पानी फेकीत ऱ्हायला. आमच्या पायावरनं पानी वाहून गेलं. त्या सालात, पानी. वस्तीतल्या बाया उभ्या, वरच्या गावातल्या बाया उभ्या, एकीनं घागर लावली न्हाई त्याला. मग खालचं पानी सरलं, तरी ते चालूच. मी वरून त्याला म्हनत व्हते, थांब, थांब म्हनून. येड्यावानी. ऊन कललं तवा तेल सरलं आन थांबलं. आपल्या आपून."

तिनं पदरानं ओठ पुसले.

"लवकर थांबलं असतं तर जगले असते का, म्हाईत न्हाई. डाक्टर म्हनले, न्हाई. घटकाभरातच गेले असतील म्हनले. आसंल."

श्रीमंत मागच्या गाडीला टेकून उभा होता. त्याच्या खांद्याला ड्यूटीची पिशवी नव्हती तरी हात तिच्या पट्ट्याच्या जागी गेला आणि तिथंच राहिला. शंकरप्पा म्हणाले, "मी दिलं वैनी ते."

"त्यांनी मागितलं, तुमी दिलं," केवळाबाई म्हणाली. "इहिरीला पानी लागलं नंतर. समद्या गावानं पेलं. त्याचं काय न्हाई." मग तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "लावा आता."

शंकरप्पांनी व्यंकटीकडे पाहिलं. व्यंकटीनं शेडचं मोठं दार सताड उघडलं, मागची खिडकीही उघडली. शंकरप्पा कसेबसे चाकामागं बसले. पहिल्यांदा इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा धरलं.

आवाज पत्र्याला जाऊन भिडला आणि सगळी शेड भरून गेली. गिरणीतली दोन-तीन माणसं पळत दाराशी आली. श्रीमंतनं नकळत आईचा दंड धरला. तिचा दंड ताठ झाला होता, पण ती हलली नाही. तिचे डोळे उघडे होते, समोरच्या भिंतीवर. इंजिन स्थिर लागलं, एका लयीत चालू लागलं, थांबण्याचं काही कारणच नसल्यासारखं. शंकरप्पांना तिच्या चेहऱ्याकडे पाहवेना. त्यांनी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. ऐकू गेलं नाही, पण तिचा हात त्यांना दिसला.

ते थांबले. इंजिन चालत राहिलं. तिनं श्रीमंतचा हात सोडवला आणि वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या अंगाला आली. वाकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं,

"बंद कशानं करत्यात?"

शंकरप्पांनी दाखवलं. समोरच्या पत्र्यावर, चाकाच्या डावीकडे, बोटाएवढा एक खटका होता. जुनाच. ते स्वतः बाजूला सरकले, अंग चोरून, तिचा हात पोहोचेल इतके.

केवळाबाईनं खटक्यावर बोट ठेवलं. लगेच दाबलं नाही. इंजिनाची थरथर तिच्या मनगटापर्यंत, बांगडी नसलेल्या हातापर्यंत येत असलेली श्रीमंतला दिसत होती. मग तिनं खटका खाली केला.

शेड एकदम मोकळी झाली. बाहेर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेवढी ऐकू आली. केवळाबाई वाकलेलीच राहिली, खटक्यावर बोट तसंच. तिचे खांदे हलू लागले तेव्हा शंकरप्पांनी डोळे मिटून घेतले आणि श्रीमंत जवळ आला, पण आईला हात लावायचं त्याचं धाडस झालं नाही. ती आवाज करून रडली नाही. सरळ उभी राहिली तेव्हा पदराचं टोक ओलं होतं, एवढंच.

"यवढंसंच हाय की," ती म्हणाली.

दारातली माणसं एकेक करून गेली. व्यंकटीनं तांब्यातून पाणी आणलं. ती अर्धं प्यायली आणि उरलेलं तिनं श्रीमंतला दिलं.

"वैनी," शंकरप्पा गाडीतूनच म्हणाले, "आता हे पुन्हा न्हाई लावनार. असंच ऱ्हाऊ दे."

"कामून? लावत जा की. लोक बघायला येतील, त्यांना कळाया पायजे कसं चालतंय ते." ती दाराशी काढून ठेवलेल्या चपला घालू लागली. "नुसतं ठेवल्यानं बिघडतंय म्हनायचे हे. लावा आता. आमी निघतो, बस हाय."

शंकरप्पांनी एकदा व्यंकटीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

मायलेक शेडमधून बाहेर पडून लिंबाच्या सावलीपर्यंत आले तेव्हा मागं इंजिन पुन्हा सुरू झालं. श्रीमंत चालत राहिला. चार पावलं पुढं गेल्यावर आई शेजारी नाही हे त्याच्या लक्षात आलं. ती रस्त्याच्या कडेला थांबली होती, शेडकडे पाठ करून, कान देऊन.

"माय, चल. बस जाईल."

तिनं हातानं त्याला थांब म्हटलं.

ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. एक टँकर धूळ उडवत गेला. धूळ खाली बसली तरी ती तशीच उभी होती, आणि श्रीमंतही मग तिच्याजवळ येऊन उभा राहिला. आत इंजिन चालत होतं. मग कुणीतरी ते बंद केलं.

केवळाबाईनं पदर खांद्यावरून पुढं घेतला.

"चल," ती म्हणाली.